मासवडीच्या सारणाचा पिझ्झा

गेल्या वर्षी दसरा होऊन चार दिवस झाले होते. पहाटे साडेचारच्या सुमारास आईच्या खोलीतून भांडे पडल्याचा आवाज आला म्हणून मी उठून गेलो. आई पलंगाच्या कडेला बसली होती. अंग घामाने चिंब झाले होते, हात थरथरत होते आणि ती मला माझ्या वडिलांच्या नावाने हाका मारीत होती. वडील जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. क्षणभर मनात पक्षाघाताची शंका आली. नंतर हाताला सवयीचे काम आठवले आणि ग्लुकोमीटर काढून बोटाची साखर तपासली. आकडा होता ४८.

ती शुद्धीवर होती आणि गिळू शकत होती. म्हणून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून तिला घोटघोट पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी केली तेव्हा साखर ७९ झाली होती. तिची नजर स्थिर झाली आणि तिने मला माझ्या नावाने हाक मारली. मी विचारले, "आई, रात्री जेवली होतीस ना?"

"घोटभर दूध घेतलं होतं. भूकच नव्हती रे," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात जाऊन पाहिले. तिचे ताट झाकलेले तसेच होते. दोन पोळ्या, अळणी दुधीची भाजी, बिनफोडणीचे वरण. मधुमेहाची गोळी मात्र तिने वेळेवर घेतली होती, कारण मुलगा डॉक्टर आहे आणि गोळी चुकवलेली त्याला आवडत नाही. सकाळी गोठ्याकडे पाहणाऱ्या गड्याकडून कळले की गेले कित्येक दिवस आजींच्या रात्रीच्या पोळ्या गाईच्या मुखी जात होत्या.

घोडेगावात मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ दवाखाना चालवतो आहे. हे घोडेगाव नेवासे तालुक्यातले, अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या महामार्गावरचे, शनिशिंगणापूरला जाताना जिथे वळावे लागते ते. आंबेगाव तालुक्यातले घोडेगाव निराळे. जनावरांच्या बाजारासाठी आणि कांद्याच्या लिलावासाठी आमचे गाव पंचक्रोशीत ओळखले जाते. बाजाराच्या दिवशी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची वृद्ध मंडळी दवाखान्यात येतात आणि त्यांच्या मुलांना मी बजावून सांगतो, "गोळी आणि जेवण यांची सांगड तुटू देऊ नका." असे सांगणाऱ्याच्याच घरात ती सांगड कित्येक दिवस तुटलेली होती आणि त्याला पत्ता नव्हता. हा लेख लिहिण्याचे खरे कारण ते आहे. पिझ्झा पुढे येईलच.

'बंद'ची यादी

आमच्या फ्रिजवर माझ्या हस्ताक्षरातला एक कागद चिकटवलेला होता. वडील गेल्यानंतर आईचा रक्तदाब आणि साखर दोन्ही वाढली, तेव्हा मीच तो लिहिला होता. मीठ कमी. तेल कमी. भात बंद. गूळ बंद. खोबरे बंद. शेंगदाणे बंद. तिखट बंद. तळलेले बंद. त्या पहाटेनंतर तो कागद मी पहिल्यांदा रुग्णाच्या नजरेने वाचला. आठ ओळींत सहा 'बंद' होते आणि 'काय खावे' याची एकही ओळ नव्हती.

आईचे वय ७८. जानेवारीत तिचे वजन ५२ किलो होते. त्या दिवशी काट्यावर उभे केले तर साडेपंचेचाळीस भरले. नऊ महिन्यांत साडेसहा किलो, म्हणजे शेकडा साडेबारा. वयस्क माणसाचे वजन प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत शेकडा पाचपेक्षा अधिक घटले तर कारण शोधावे, हा वैद्यकातला जुना नियम आहे. पन्नास किलोच्या माणसाला तो अडीच किलोतच लागू होतो. माझ्या आईने ती मर्यादा केव्हाच ओलांडली होती. लुगडे सैल नेसलेले असते, चेहरा रोज पाहण्यातला असतो. जवळच्या माणसाला झिजणे दिसत नाही. काटा घरातच होता, पण त्यावर आईला उभे करण्याचे मला सुचले नव्हते.

आणखी एक कबुली द्यायला हवी. जुलैमध्ये तिच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा, अहवाल आला होता ६.३. मी तिला शाबासकी दिली होती. तरुण मधुमेही रुग्णाच्या बाबतीत या आकड्याचे कौतुकच करावे. परंतु अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, कृश होत चाललेल्या, साखर एकाएकी उतरवू शकणारी गोळी घेणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तो धोक्याचा इशारा असू शकतो. प्रकृती नाजूक असलेल्या वृद्धांमध्ये हे उद्दिष्ट आठच्या आसपासपर्यंत सैल ठेवावे, असे आजची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ते मला माहीत नव्हते असे नाही. पण घरच्या माणसाच्या बाबतीत माहिती आणि कृती यांमध्ये माया येते, आणि माया कधीकधी नको तितकी कडक होते.

त्याच दिवशी तिला नगरला एका ज्येष्ठ फिजिशियनकडे नेले. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने उतरलेली साखर एकदा वर आली तरी काही तासांनी पुन्हा घसरू शकते, म्हणून तिला एक दिवस देखरेखीखाली ठेवले. ती गोळी थांबवून औषधे बदलली. वजन घटण्याच्या इतर कारणांचाही शोध झाला. थायरॉइड, छातीचे क्ष-किरण चित्र, मूत्रपिंड, यकृत, रक्तातील हिमोग्लोबिन, पोटाची सोनोग्राफी. क्षय, कर्करोग, थायरॉइडचे विकार ही कारणे आधी बाजूला सारावीच लागतात; 'म्हातारपण आहे, भूक कमी व्हायचीच' असे म्हणून हे टाळू नये. सुदैवाने तसे काही निघाले नाही. निघाल्या त्या लहान लहान गोष्टी. वजन घटल्याने हिरड्या आकसून कवळी ढिली झाली होती आणि चावताना टोचत होती. वास घेण्याची शक्ती मंदावली होती. बद्धकोष्ठ होता. आणि रात्रीचे जेवण ती सात वाजता एकटीच करीत होती, कारण मी दवाखान्यातून साडेनऊला येतो आणि पत्नी शाळेच्या वह्या तपासत बसलेली असते. वडील होते तोवर दोघे समोरासमोर बसून जेवत असत.

फिजिशियन मित्राने चिठ्ठीवर औषधे लिहिली आणि निघताना मला म्हणाले, "आता तिला विचारा, काय खावेसे वाटते."

मासवडी

मी विचारले. आईने उत्तर द्यायला दोन दिवस घेतले. मग म्हणाली, "मासवडी. पण ती आता माझ्यानं व्हायची नाही."

आईचे माहेर संगमनेर तालुक्यातले. संगमनेर-अकोले आणि घाटाच्या अलीकडे-पलीकडे जुन्नर-आंबेगाव हा सारा पट्टा मासवडीचा. नावात मासा असला तरी पदार्थ पूर्ण शाकाहारी. वडीचा आकार मासळीच्या तुकड्यासारखा म्हणून हे नाव पडले असे सांगतात. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ फोडणीच्या उकळत्या पाण्यात वैरून घट्ट शिजवायचे, ते गरम असतानाच ओल्या फडक्यावर हाताने पातळ थापायचे, त्यावर भाजलेले तीळ, सुके खोबरे, खसखस, तळलेला कांदा, लसूण आणि कोथिंबीर यांचे सारण पसरायचे, फडक्याच्या आधाराने गुंडाळी करून दाबायची आणि वड्या कापायच्या. सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. मोदकात गोड सारण असते तसे हे आमच्याकडचे तिखट सारण.

आई मासवडी करायची तेव्हा शेजारच्या चार घरी वाटी जायची. पण थापण्याचे काम अवघड. पीठ निवले तर चिरते, म्हणून चटके सोसतच थापावे लागते. तिच्या बोटांच्या पेरांत संधिवात आला आणि चार वर्षांपूर्वी मासवडी बंद झाली. खोबरे तर माझ्या यादीनेही बंद केले होते.

दिवाळीच्या सुटीत पुण्याला शिकणारी आमची मुलगी घरी आली. तिला हा सारा प्रकार सांगितला. तिने आजीचा हात हातात घेऊन विचारले, "आजी, थापायचं जमत नाही ना? मग सारण कर. ते मी पिझ्झ्यावर घालते."

"पिझ्झा म्हंजे ते रबरासारखं ताणतं तेच ना?" आई म्हणाली. तिने तो एकदा चाखला होता आणि कवळी त्यात अडकल्याने पुन्हा शिवला नव्हता.

मुलीने तिला समजावून सांगितले की पिझ्झा हे मुळात इटलीतल्या नेपल्स शहरातल्या गरिबांचे खाणे. सपाट रोटी, तिच्यावर जे परवडेल ते. टोमॅटो, लसूण, थोडे तेल. १८८९ साली तिथे आलेल्या मार्गेरिता राणीच्या नावाने एक पिझ्झा झाला अशी कथा सांगतात. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला २०१७ मध्ये युनेस्कोने जगाच्या सांस्कृतिक वारशात नोंदवली. आईने सारे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, "म्हंजे भाकरीवरच कोरड्यास. मग एवढं काय त्यात!"

पहिला प्रयत्न

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखाना बंद ठेवून मी स्वयंपाकघरात पाटावर बसलो. पन्नाशी उलटेपर्यंत मी चहापलीकडे काही केलेले नव्हते. आईला भिंतीला टेकून खुर्चीत बसवले. तीळ भाजण्याचे काम माझ्याकडे आले.

"आई, वास आला की सांग," मी म्हणालो.

"वास कुठला येतोय मला आता! आवाज ऐक. बोलाया लागले की उतरव."

तीळ तडतडू लागले. मला वाटले झाले. ती म्हणाली, "थांब, अजून चारदोनच बोलत्यात." मग थोड्या वेळाने, "आता उतरव." चार तीळ तिने बोटांत चुरडून पाहिले आणि मान डोलावली. जिला अन्नाचा वास येत नाही म्हणून जेवण बेचव लागते, तिला कानाने आणि बोटांनी भाजणी ओळखता येत होती. दोन वर्षांत कोणी तिला स्वयंपाकातले काही विचारले नव्हते. तिला श्रम पडू नयेत म्हणून आम्ही तिच्या हातून चुलीबरोबर तिचा अधिकारही काढून घेतला होता, हे मला तिथे बसल्यावर कळले.

पिझ्झा मात्र फसला. मुलीने बाजारातला तयार पाव आणला होता. त्यावर टोमॅटोचा तयार सॉस, वर चीज, आणि त्यावर कोरडे सारण भुरभुरले. तव्यावर झाकण ठेवून भाजले. पाहायला छान दिसत होता. आईने पहिला घास घेतला आणि तिला जोराचा ठसका लागला. कोरडे तीळ-खोबरे पावावरून सुटून घशाशी गेले होते. ती खोकून खोकून लाल झाली. मी पाठ वाकवून तिला पुढे झुकवले. मिनिटभरात सारे शांत झाले, पण मुलीच्या डोळ्यांत पाणी आले.

वाचकहो, हा प्रसंग मी मुद्दाम सविस्तर सांगतो आहे. वृद्धांच्या जेवणात चवीइतकाच घडणीचा विचार करावा लागतो. वयाबरोबर लाळ कमी होते, गिळण्याचे स्नायू सावकाश हलतात. भुरभुरणारा कोरडा पदार्थ, चिवट ताणणारा पदार्थ, आणि पाण्यात कडक तुकडे तरंगणारा पदार्थ, हे तिन्ही त्यांना अडचणीचे. सुक्या चटण्या, फुटाणे, चुरमुरे, कोरडे सारण यांत ठसक्याचा धोका असतो. ज्यांना जेवताना वारंवार ठसका लागतो, जेवल्यावर आवाज घोगरा होतो किंवा पुनःपुन्हा छातीत कफ होतो, त्यांची गिळण्याची तपासणी करून घ्यावी. अशांनी पुढची कृती तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय करू नये. पक्षाघातानंतर तर मुळीच नाही.

त्या दिवशी उपाय आईनेच सांगितला. "सारण कधी उघडं राहतं का? त्याला पिठाचं पांघरूण लागतं. ते तुम्ही घातलंच नाही."

दुसरा प्रयत्न, कृतीसह

मासवडीत डाळीच्या पिठाचे आवरण बाहेर असते. आम्ही ते सारणाच्या खाली पसरले. टोमॅटो सॉसच्या जागी मऊ पिठले, त्यात दाबून बसवलेले सारण, वर पनीर. याने सारण जागचे हलत नाही, घास ओलसर राहतो, सॉसमधले मीठ आणि साखर टळते, आणि डाळीची प्रथिने मिळतात ती वेगळीच. चार जणांना पुरतील असे वीतभर रुंदीचे दोन पिझ्झे होतात. प्रमाण असे :

पावासाठी २०० ग्रॅम कणीक आणि ५० ग्रॅम ज्वारीचे पीठ एकत्र करावे. पाऊण वाटी कोमट पाण्यात अर्धा चमचा साखर आणि एक लहान चमचा कोरडे यीस्ट घालून दहा मिनिटे ठेवावे. फेस आला की ते पिठात घालावे. पाव चमचा मीठ, दोन चमचे तेल आणि लागेल तसे आणखी पाणी घेऊन पोळीच्या कणकेपेक्षा सैल मळावे. झाकून दीड तास उबेला ठेवावे. थंडीत दोन तास लागतात. पीठ फुगून जवळपास दुप्पट होते. यीस्ट नसल्यास दही आणि खाण्याचा सोडा वापरतात, पण सोड्यातही सोडियम असते हे रक्तदाबाच्या रुग्णांनी ध्यानात ठेवावे.

सारणासाठी अर्धी वाटी तीळ, अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस आणि एक चमचा खसखस वेगवेगळे मंद आचेवर भाजावे. दोन कांदे पातळ चिरून दोन चमचे तेलात तांबूस परतावेत. तळायची गरज नाही. त्यात आठ लसूण पाकळ्या, एक चमचा कांदा-लसूण मसाला, पाव चमचा मीठ आणि मूठभर कोथिंबीर घालून सारे भरड वाटावे. मसाल्यात आधीच मीठ असेल तर वरचे मीठ वगळावे. कवळी असणाऱ्यांसाठी तीळ अख्खे ठेवू नयेत. कवळीखाली तीळ जाऊन हिरडी दुखते, आणि न चावलेला तीळ तसाच बाहेर पडतो, त्यातले काही अंगी लागत नाही.

पिठल्यासाठी एक चमचा तेलात मोहरी, हिंग, हळद आणि ठेचलेला लसूण घालून सव्वा वाटी पाणी उकळावे. अर्धी वाटी डाळीचे पीठ थोड्या गार पाण्यात कालवून त्यात ओतावे आणि गुठळ्या न होऊ देता सहा-सात मिनिटे झाकून शिजवावे. चमच्यावरून सावकाश पडेल इतके घट्ट हवे.

पिठाचे दोन गोळे करून हाताने थापावेत. बिडाचा किंवा जाड बुडाचा तवा तापवून एक बाजू झाकण ठेवून तीन मिनिटे भाजावी. उलटून भाजलेल्या बाजूवर पिठले पसरावे, दोन चमचे रस्सा शिंपडून ओलावलेले सारण त्यात हलके दाबावे, वर बिनमिठाचे घरचे पनीर कुस्करून घालावे. दोन्ही पिझ्झ्यांना मिळून १०० ग्रॅम पनीर पुरते. मुलांसाठी थोडे चीज किसून घालायला हरकत नाही. टोमॅटोच्या चकत्या ठेवून मंद आचेवर झाकून सहा-सात मिनिटे भाजावे. ओव्हनची गरज पडत नाही.

सोबत मासवडीचा रस्सा, तिखट बेताने. तिखटाने ज्यांना जळजळ होते त्यांनी मिरची कमी करून आले-लसूण-कोथिंबीर वाढवावी. अळणीपणा त्यानेही मोडतो.

त्या संध्याकाळी मी आठ वाजताच घरी आलो. चौघे एकत्र बसलो. आईने पिझ्झ्याचा चतकोर तुकडा घेतला, त्याचे मऊ टोक खाल्ले, आणि कडेचा भाग आला तेव्हा सरळ रश्श्याच्या वाटीत कुस्करला. मुलगी म्हणाली, "आजी, पिझ्झा असा नाही खात!"

"असाच खात्यात. त्यांना रस्सा ठाव नसंल," आई म्हणाली आणि दुसरा चतकोर मागितला.

दोन तासांनी मी तिची साखर तपासली. १८४ होती. पूर्वी मी या आकड्यावरून बोललो असतो. त्या रात्री वहीत लिहिले आणि झोपलो.

काय घ्यावे, काय घेऊ नये

यातून कोणी 'तीळ-खोबऱ्याचा पिझ्झा वजन वाढवतो' असा अर्थ काढू नये. शंभर ग्रॅम तिळांत हजार मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते हे खरे; पण एका वेळी आपण तीळ खातो चमचाभर, आणि त्यातले सारे शोषलेही जात नाही. दूध, दही, ताक, नाचणी यांची जागा तीळ घेत नाहीत. सुक्या खोबऱ्यात संपृक्त स्निग्धांश बराच असतो. हृदयविकार असणाऱ्यांनी ते निम्मे करून तिळाचे किंवा भाजलेल्या डाळ्याचे प्रमाण वाढवावे. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी प्रथिने, मीठ आणि पोटॅशियम यांचे माप आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावे. पावात पिष्टमय पदार्थ आहेत, म्हणून मधुमेहींनी त्या जेवणात वेगळा भात किंवा पोळी घेऊ नये. हा पदार्थ महिन्यातून दोनदा पुरे.

घेण्याजोगे आहे ते निराळेच. वृद्ध माणसाला दर किलो वजनामागे रोज एक ते सव्वा ग्रॅमपर्यंत प्रथिने लागतात. ४५ किलोच्या माझ्या आईला सुमारे ४५ ते ५५ ग्रॅम. ही गरज तरुणाहून कमी होत नाही, उलट थोडी वाढते, कारण वयाबरोबर स्नायू झिजतात. स्नायू झिजले की तोल जातो, तोल गेला की खुब्याचे हाड मोडते, आणि त्यानंतर अंथरूण. दोन पोळ्या आणि दुधीच्या भाजीत ही गरज भागत नाही. आणि ते ताटही गाईला जात असेल तर काहीच भागत नाही. आम्ही डॉक्टर मंडळी पथ्याचा कागद लिहितो तेव्हा मनात पूर्ण ताट धरून त्यातून काही वजा करतो. पण ज्याच्या ताटात मुळात चार घास उरले आहेत, त्याच्याकडून वजाबाकी करून हाती काय राहणार? पथ्य खरे, पण ते पोटात गेलेल्या अन्नाचे असते, झाकून ठेवलेल्या ताटाचे नव्हे.

घरी वृद्धांची काळजी घेणाऱ्यांना म्हणून चार गोष्टी सुचवतो. महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला वजन करून कॅलेंडरवर लिहा. जेवले का, असे न विचारता ताटात काय उरले ते स्वतः पाहा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि जेवण झाले नसेल तर त्या वेळेच्या मात्रेबाबत काय करायचे हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. घाम, थरथर, बरळणे दिसले की साखर तपासा. ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि मग काहीतरी खाऊ घाला. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठा. आणि कवळी दरवर्षी दंतवैद्याला दाखवा. ढिल्या कवळीने जेवढी माणसे उपाशी राहतात, तेवढी 'भूक नाही' या शब्दाखाली झाकली जातात.

या गोष्टीला आता चार महिने झाले. आईचे वजन ४७.८ किलो आहे. याचे श्रेय पिझ्झ्याचे नाही. औषधे बदलली, कवळी नवी झाली, बद्धकोष्ठावर उपचार झाले, आणि रात्रीचे जेवण मी तिच्याबरोबर आठ वाजता करतो. दवाखान्याच्या पाटीवर संध्याकाळची वेळ त्यासाठी बदलावी लागली. उशिरा येणाऱ्यांनी थोडी कुरकुर केली, मग त्यांनाही सवय झाली. हरवलेल्या साडेसहा किलोंपैकी जेमतेम सव्वादोन परत आले आहेत. उरलेले सगळे येतील असे मी तिला सांगत नाही आणि स्वतःलाही सांगत नाही.

फ्रिजवरचा जुना कागद काढला. तिथे आता मुलीने आखून दिलेला तक्ता आहे. त्यात आई रोज काय जेवली ते लिहायचे. मीठ बेताने ठेवा ही एकच सूचना मी वर ठेवली आहे. गेल्या आठवड्यात तक्त्यात आईच्या थरथरत्या अक्षरात एक ओळ दिसली : 'तीळ संपले.' बाजाराच्या दिवशी दवाखान्यातून येताना मी अर्धा किलो घेऊन आलो.